हातावरचे लिंग आणि आवळलेली मूठ



मठात येणाऱ्या भक्तांची गाऱ्हाणी पूर्वी ठरलेली असत. बांधाचा वाद, भाऊबंदकी, मुलीचे लग्न जमत नाही, मुलगा व्यसनात पडला, पावसाने ओढ दिली. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या गाऱ्हाण्याची भर पडली आहे. आईवडील येतात, नमस्कार करून खाली बसतात आणि बराच वेळ बोलतच नाहीत. मग आई म्हणते, "अप्पाजी, पोरगं आमचं राहिलं नाही. त्या लोकांत गेल्यापासून फोन उचलत नाही. आलंच घरी तर पाहुण्यासारखं बसतं. पगार सगळा तिकडंच देतंय. तुम्ही एकदा सांगा, तुमचा शब्द मोडणार नाही ते."

'ती लोकं' प्रत्येक वेळी निराळी असतात. कधी एखाद्या बुवाची बैठक, कधी रोग बरे करणारी प्रार्थनासभा, कधी ध्यानाचे शिबिर, तर कधी धर्मरक्षणाचे नाव घेणारी मंडळी. नावे वेगळी असली तरी आईच्या डोळ्यांतले पाणी एकच असते. त्या पाण्याकडे पाहून आम्हीही पूर्वी लगेच म्हणत असू, "पाठवा त्याला मठात, आम्ही सांगतो." आज तसे म्हणत नाही. का म्हणत नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

प्रश्न दोन आहेत. आपल्या माणसाच्या श्रद्धेत हात घालण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा पहिला. आणि असलाच तर तो हात कसा घालावा, हा दुसरा.

पहिला प्रश्न आपल्याला, म्हणजे बसवादी शरणांचे नाव घेणाऱ्यांना, फार अवघड आहे. कारण आपला धर्मच घर सोडून निघालेल्या माणसांनी उभा केला. बसवण्णांनी मुंज नाकारून बागेवाडीचे घर सोडले आणि ते कूडलसंगमाला गेले, असे परंपरा सांगते. अक्कमहादेवी राजवाडा सोडून निघाली. बाराव्या शतकात कल्याणच्या वाटेला लागलेल्या कितीतरी शरणांच्या घरी असेच रडणे झाले असेल. 'पोराला त्या कल्याणवाल्यांनी भुलवले' असे त्यांच्या गावात म्हटलेच नसेल काय? तेव्हा मुलाने आपला कुळाचार सोडला, आपल्याला न आवडणारा मार्ग धरला, एवढ्यावरून त्याला कोणी भुलवले असे ठरवता येत नाही. तसे ठरवू लागलो तर पहिल्यांदा बसवण्णांनाच परत बागेवाडीला न्यावे लागेल.

मग ओळखायचे कसे? कोणी काय मानतो यावरून ओळखू नये. मानणाऱ्याचे तिथे काय होते, यावरून ओळखावे. यासाठी शरणांनीच आपल्या हाती कसोट्या ठेवल्या आहेत.

पहिली कसोटी प्रश्नाची. अनुभवमंटपात शून्यसिंहासनावर अल्लमप्रभू होते, पण तिथे येणाऱ्याला ते विचारत आणि येणाराही त्यांना विचारू शकत असे. अक्कमहादेवीसारखी तरुण स्त्री त्या सभेत उभी राहून उत्तरे देते, आणि ती उत्तरे आपण आज शास्त्र म्हणून वाचतो. जिथे प्रश्न विचारणे हेच पाप ठरते, शंका आली की 'तुझी साधना कमी पडते' असे सांगितले जाते, तिथे मंटप नसून कोंडवाडा असतो.

दुसरी कसोटी कायकाची. शरणांनी कोणाला धंदा सोडायला लावला नाही. नुलिय चंदय्या दोर वळीत राहिले, अंबिगर चौडय्या नाव चालवीत राहिले. जो मार्ग माणसाचे काम सोडवतो, शिक्षण अर्धे टाकायला लावतो आणि त्याच्या दोन वेळच्या भाकरीची दोरी आपल्या हातात घेतो, त्याच्यापासून सावध असावे.

तिसरी कसोटी दासोहाची. दासोह उघड्यावर चालतो. काय आले आणि कोणाच्या पानात गेले, हे पंगतीला बसणाऱ्याला दिसते. जिथे देणे सक्तीचे आणि हिशेब गुप्त, तिथे दासोह नाही.

चौथी कसोटी दाराची. आत यायला जेवढे सोपे तेवढेच बाहेर जायलाही सोपे आहे काय? 'सोडलेस तर तुझ्या घरावर संकट येईल', 'आईवडील हे मायेचे पाश आहेत, त्यांच्याशी बोलू नकोस' अशी भाषा सुरू झाली की समजावे, दाराला बाहेरून कडी लागली आहे.

या कसोट्या धर्माधर्मांत भेद करीत नाहीत. आणि त्या लावताना एक घर वगळायचे नाही. ते घर आपले स्वतःचे. त्याविषयी पुढे बोलू.

भीती खोटी नसते हेही सांगितले पाहिजे. जपानमध्ये ओम शिनरिक्यो नावाचा एक पंथ होता. योग आणि मोक्ष यांचीच भाषा तो बोलत असे, आणि चांगली शिकलेली मुले त्यात गेली होती. त्या मुलांच्या आईवडिलांची बाजू त्सुत्सुमी साकामोतो नावाच्या एका वकिलाने घेतली. नोव्हेंबर १९८९ मध्ये पंथाच्या लोकांनी त्या वकिलाला, त्याच्या पत्नीला आणि लहानग्या मुलाला ठार मारले. त्यांचे मृतदेह सापडले ते १९९५ साली, त्याच पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडल्यानंतर. आईवडील आधीपासून ओरडत होते, जगाने उशिरा ऐकले. आपल्याजवळचेही एक उदाहरण आहे. मिरज तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून म्हैसाळ गाव आहे. २० जून २०२२ रोजी तिथे एकाच कुटुंबातील नऊ जण मृतावस्थेत सापडले. प्रथम वाटले की कर्जापायी आत्महत्या. पुढे पोलिसांनी गुप्तधनाचे आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकावर विष दिल्याचा आरोप ठेवला. गुप्तधनाच्या नादात असलेला माणूस शेजाऱ्याला काही सांगत नाही, आणि जिथे सांगायचे नाही असा नियम असतो तिथे वाचवायला कोणी येऊ शकत नाही.

म्हणून आईवडिलांनी गप्प बसावे असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार प्रेमानेच दिलेला असतो. पण ते बोलणे कसे असावे, इथेच आमची स्वतःची मोठी चूक झाली. ती भक्तांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

काही वर्षांपूर्वी या भागातील एक माउली आपल्या थोरल्या मुलाला घेऊन मठात आली. तिची धाकटी मुलगी कोल्हापुरात नोकरीला होती आणि अशाच एका मंडळीत गुरफटली होती. आम्ही म्हणालो, "बसव जयंतीला ती घरी येईल तेव्हा मठात घेऊन या." ती आली. गावातील चार वडीलधारी मंडळी आम्ही आधीच बोलावून ठेवली होती. सर्वांनी मिळून तिला तासभर समजावले. समजावले म्हणण्यापेक्षा घेरले म्हणणे खरे होईल. शेवटी आम्ही तिला गळ्यातील इष्टलिंग तळहातावर घ्यायला सांगितले आणि 'पुन्हा तिकडे जाणार नाही' अशी शपथ घ्यायला लावली. तिने मान खाली घालून ती घेतली. मंडळींना समाधान वाटले. आम्हालाही वाटले.

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने ती निघून गेली. पुढचे चौदा महिने तिने घरी फोन केला नाही. भावाजवळ मात्र आमच्यासाठी एक निरोप ठेवला होता: "अप्पाजींना सांग, ते लोक माझ्याकडून जशी शपथ घेतात, तशीच तुम्ही घेतलीत. मग फरक काय राहिला?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री इष्टलिंगपूजेला बसलो तेव्हा स्वतःच्या तळहाताकडे पाहून लाज वाटली. इष्टलिंगाचे सगळे मर्म त्या तळहातात आहे. गुरू दीक्षा देतो तेव्हा लिंग आपल्याजवळ ठेवून घेत नाही, ते शिष्याच्या हातावर ठेवतो. त्यानंतर शिष्य आणि शिव यांच्यामध्ये पुजारी नाही, देऊळ नाही, दलाल नाही, आणि एका अर्थाने गुरूही नाही. शरण ज्याला अरिवू म्हणतात, ती जाणीव शिष्याच्या ठायी जागी करून देणे एवढेच गुरूचे काम. ज्या लिंगाने माणूस मोकळा व्हावा, त्याच लिंगाचा आम्ही फास केला होता. तळहात उघडा असतो तेव्हा त्यावर लिंग शोभते. आम्ही त्या मुलीची मूठ धरून आवळली होती.

आमची चूक काही जगावेगळी नव्हती. अमेरिकेत १९७०च्या दशकात टेड पॅट्रिक नावाचा एक मनुष्य आईवडिलांकडून पैसे घेऊन त्यांच्या सज्ञान मुलांना पंथांतून पळवून आणीत असे. त्यांना खोलीत कोंडून, दिवसरात्र वाद घालून त्यांची श्रद्धा मोडण्याचा प्रयत्न होई. काही मुले परतली, काही आणखी कडवी होऊन पळून गेली. पॅट्रिकला शिक्षा झाल्या. १९९५ साली अशाच एका प्रकरणात तिथल्या ज्युरीने पळवून नेलेल्या तरुणाच्या बाजूने लाखो डॉलरची भरपाई ठरवली. याच्या उलट स्टीव्हन हॅसन याची हकीकत आहे. हा तरुण कोरियन धर्मगुरू मून यांच्या संघटनेत होता. १९७६ साली मोटार अपघातात जखमी होऊन तो अंथरुणाला खिळला, तेव्हा घरच्यांनी त्या संघटनेतून आधी बाहेर पडलेल्या लोकांना त्याच्याशी बोलायला बोलावले. त्याने पुढे लिहिले आहे की वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि 'तुझा मुलगा असता तर तू काय केले असतेस?' या त्यांच्या प्रश्नाने आपण थबकलो. तोच हॅसन पुढे अशा कुटुंबांना मदत करू लागला. सुरुवातीला तोही सक्तीच्या वाटेने गेला, पण ती त्याने सोडून दिली आणि १९८८ सालच्या आपल्या पुस्तकात सक्तीविना संवादाचा मार्ग मांडला.

पण एवढ्या दूर जाण्याची गरज काय? हा मार्ग आपल्या घरातच आहे. शून्यसंपादनेत सिद्धरामेश्वरांची कथा येते. सोन्नलिगेत, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धराम तळे खोदवून घेत होते. अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख खोचक शब्दांत केला. कामकरी चिडले आणि प्रभूंवर दगड टाकू लागले. स्वतः सिद्धरामही संतापले. ही कथा आपण प्रभूंचे सामर्थ्य सांगण्यासाठी ऐकतो. आम्हाला अलीकडे तिच्यात दुसरे काही दिसते. तिखट शब्दाने काय आणले? दगड आणले. सिद्धरामांत पालट झाला तो त्यानंतरच्या दीर्घ संवादाने. प्रभूंनी दगडाला दगडाने उत्तर दिले नाही, ते उठून निघूनही गेले नाहीत. ते विचारीत राहिले, ऐकत राहिले, आणि शेवटी सिद्धरामांच्या सोबत कल्याणपर्यंत चालत गेले. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रभूंनी तळे बुजवा असे म्हटले नाही. सोलापूरच्या मध्यभागी ते तळे आजही आहे, आणि दर संक्रांतीला लाखो माणसे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला जमतात. माणसाने श्रद्धेपोटी केलेल्या सगळ्याच गोष्टी चुकीच्या नसतात. त्याची चूक दाखवताना त्याचे तळे बुजवू नये.

घरच्या माणसाने कसे विचारावे, हे आयदक्की लक्कम्मेकडून शिकावे. तिचा नवरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणी, हेच त्याचे कायक. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मेने आरडाओरडा केला नाही, अनुभवमंटपात तक्रार नेली नाही, माहेरीही निघून गेली नाही. एवढे कशासाठी आणले, हे तिने विचारले आणि जास्तीचे परत ठेवून यायला सांगितले. मारय्यांनी ऐकले, कारण विचारणारी रोज त्याच तांदळाचा भात त्यांच्यासोबत खात होती. जो आपल्या ताटात जेवतो, त्याचा प्रश्न कानात राहतो.

त्या माउलीनेही पुढे हेच केले, आणि आमच्या सल्ल्याने केले नाही. आमच्या शपथेनंतर तिने आम्हाला काही विचारणे सोडूनच दिले होते. ती दर सोमवारी मुलीला फोन करी. मुलगी उचलत नसे, तरी करी. मोठा मुलगा महिन्यातून एकदा कोल्हापूरला जाई, घरची भाकरी आणि शेंगाची चटणी तिच्या खोलीच्या दारात ठेवून परत येई. चौदा महिन्यांनी एकदा फोन उचलला गेला. माउली त्या मंडळीविषयी एक शब्द बोलली नाही. म्हैस व्याली, मिरचीला यंदा दर नाही, आजीचे गुडघे दुखतात, एवढेच. असे कितीतरी सोमवार गेले. मुलगी बोलू लागली. त्या मंडळीत तिला पहिल्यांदा कोणी 'तू हुशार आहेस' म्हटले होते, हे आईला तेव्हा कळले. आईने ते ऐकून घेतले. "आम्ही म्हटलं नाही कधी, चुकलंच आमचं," असे ती म्हणाली.

मग एकदा आजीची तब्येत बिघडली तेव्हा माउलीने सहज विचारले, "आजीचं काही बरंवाईट झालं तर येशील न्हवं गं बाळ? का तिकडं विचारावं लागंल?"

मुलगी गप्प झाली. तिला विचारावेच लागत होते. महिन्याभरात आजी लिंगैक्य झाली. मुलीने परवानगी मागितली आणि ती मिळायला दोन दिवस लागले. ती आली तेव्हा आजीची समाधी झालेली होती. घरात कोणी तिला 'उशीर का केलास' असे विचारले नाही. पण तो प्रश्न आता तिचा स्वतःचा झाला होता. बाहेरून घातलेला प्रश्न माणूस झटकून टाकतो, आत उगवलेला झटकता येत नाही. त्यानंतर आणखी वर्षभराने ती बाहेर पडली. तिला कोणी आणले नाही. ती आपण होऊन आली.

भक्तहो, या हकीकतीवरून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. आपल्या माणसाच्या गुरूला शिव्या देऊ नयेत. शिवी गुरूला लागत नाही, ज्याने त्याला गुरू मानले त्याला लागते, आणि मग त्याला गुरूची बाजू घ्यावीच लागते. त्याला तिथे काय मिळाले ते आधी ऐकावे. बहुधा जे घरात मिळाले नाही तेच तिथे मिळालेले असते. संबंध तोडण्याची धमकी देऊ नये, कारण घर आणि तो यांच्यात अंतर पडावे हेच तिथल्या लोकांना हवे असते. पैसा मागेल तर देण्यापूर्वी विचार करावा, पण जेवण, औषध आणि परतीच्या गाडीभाडे यांना कधी नाही म्हणू नये. प्रश्न एकच विचारावा, तो खरा असावा, आणि उत्तरासाठी थांबावे.

कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. सज्ञान माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कोंडून ठेवण्याचा अधिकार आईवडिलांना नाही, मठालाही नाही. तामिळनाडूतील एका प्रसिद्ध योगकेंद्रात राहणाऱ्या दोन मुलींच्या वडिलांनी न्यायालयात दाद मागितली होती. मुली सज्ञान आहेत आणि आपल्या मर्जीने राहतो असे सांगतात, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली ते प्रकरण बंद केले. त्या बापाचे दुःख आम्हाला कळते, पण न्यायालयाने घेतलेली भूमिकाही कळते. मात्र जिथे लहान मुले आहेत, मारहाण आहे, औषध बंद केले आहे, स्त्रीच्या अंगाला हात लागला आहे, तिथे सोमवारच्या फोनची वाट पाहत बसू नये. तिथे पोलिसांत जावे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, कर्नाटकातही २०१७ चा तसा कायदा २०२० पासून लागू आहे. धीर धरणे वेगळे आणि गुन्हा पाहून डोळे मिटणे वेगळे.

आणि बाहेर आलेल्याचे काय? आपला बेळगाव जिल्हा हे फार जवळून जाणतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याची प्रथा बंद करणारा कायदा मुंबई इलाख्यात १९३४ सालीच झाला, तेव्हा हा जिल्हा त्याच इलाख्यात होता. प्रथा थांबली नाही. १९८२ साली कर्नाटकाने पुन्हा कायदा केला. गडहिंग्लजला प्रा. विठ्ठल बन्ने, निपाणीला प्रा. सुभाष जोशी अशा कार्यकर्त्यांनी या स्त्रियांना संघटित केले. १९९०च्या दशकात घटप्रभा भागात तर त्या प्रथेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांनीच 'मास' ही संस्था उभी केली आणि गावोगाव जाऊन आपल्यासारख्या इतर स्त्रियांशी बोलू लागल्या. कायद्याने दार उघडले, पण त्या दारातून बाहेर यायला हात दिला तो त्याच वाटेने चाललेल्या बाईने. आणि बाहेर आल्यावर प्रश्न उभा राहिला की खायचे काय, आणि पंगतीला शेजारी कोण बसणार? ज्या समाजाला हे दोन प्रश्न सोडवता येत नाहीत, त्याने 'सोड ते सगळे' असे कोणाला सांगू नये.

परतलेल्या माणसाच्या मनात शोकही असतो. अजगण्ण हा मुक्तायक्केचा भाऊ आणि गुरू. तो गेल्यावर ती विलाप करीत बसली तेव्हा अल्लमप्रभूंनी तिचे प्रेम खोटे ठरवले नाही. त्या शोकाशी ते बोलत राहिले. जो आपला गुरू, आपले सोबती, आपली रोजची प्रार्थना सोडून आला, त्याच्या घरी एक मरण घडलेले असते. त्याला 'आम्ही सांगत नव्हतो काय' असे कोणी म्हणू नये. त्याला सभेत उभे करून त्याच्याकडून त्या मंडळीची निंदा करवून घेऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, एका गुरूच्या हातून सुटलेल्याला लगेच दुसऱ्या गुरूच्या ताब्यात देऊ नये. तो दुसरा गुरू आम्ही असलो तरी.

आता राहिलेले घर, आपले स्वतःचे. डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्याइतके वचनसाहित्यासाठी झिजलेले संशोधक विरळा. 'मार्ग' या त्यांच्या ग्रंथातील काही लेखन समाजाला रुचले नाही, तेव्हा १९८९ साली आपल्याच लोकांनी धमक्या आणि दडपण आणून ते त्यांना मागे घ्यायला लावले. घरच्यांच्या जिवासाठी आपण हे केले, पण त्या दिवशी बुद्धीची आत्महत्या झाली, अशा आशयाचे ते पुढे बोलले. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला त्यांच्या राहत्या घरी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा आपण सर्वांनी शोक केला. पण १९८९ साली त्यांची मूठ कोणी आवळली होती, हे विसरून तो शोक पुरा होत नाही. प्रश्नाची कसोटी तेव्हा आपल्याला लावली असती तर आपण उतरलो असतो काय?

म्हणून दुसऱ्यांच्या दाराची कडी तपासताना आपल्या मठाचे दार आधी तपासावे. मठाच्या जमाखर्चाची वही भक्ताला मागता येते काय? स्वामींचे चुकले असे कोणी सर्वांसमोर म्हणू शकतो काय? मठात येणे सोडलेल्या घराशी आपण पूर्वीसारखेच बोलतो काय? याची उत्तरे 'होय' असतील, तरच दुसऱ्याच्या मुलाला प्रश्न विचारण्याचे बळ आपल्या शब्दांत येईल. आम्ही आता कोणाकडूनही लिंगावर शपथ घेत नाही. श्रावणातील शिवानुभवात शेवटचा अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवतो, आणि वही मंटपात ठेवलेली असते.

ती मुलगी आज कुठे आहे, असे भक्त विचारतील. ती नोकरी करते, सणासुदीला घरी येते. मठात ती बरेच दिवस आली नाही, आणि आम्ही बोलावले नाही. मागच्या श्रावणात एका सोमवारी ती आईसोबत येऊन सर्वांत मागे बसली. प्रश्नांच्या वेळी उभी राहिली आणि म्हणाली, "अप्पाजी, बळजबरीनं घेतलेली शपथ मोडली तर पाप लागतं काय?"

सभेतल्या कोणाला संदर्भ ठाऊक नव्हता. आम्ही म्हणालो, "नाही. ते पाप घेणाऱ्याला लागते."

ती खाली बसली. प्रसादाच्या वेळी तिने पान मांडले आणि आईच्या शेजारी जेवली. तिच्या गळ्यात लिंग होते की नाही, हे आम्ही पाहिले नाही. ते पाहणे आमचे काम नव्हते.

शरणु शरणार्थी.